भुकेचा पहिला धडा

"ज्याचा जिभेवर ताबा नाही, त्यानं मठात राहावं तरी कशाला, माय?"

अच्युत झोळी खांद्याला अडकवूनच उभा होता. सतरा एकादश्या निर्जळ केल्याचं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा आणि पोटभर जेवणाऱ्यांना हसायचा. आज ऐन एकादशीच्या सकाळी स्वारी कोठारात सापडली होती, तोंडात लाडू, ओठांना गूळ. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

गिरजामाय भाजलेले शेंगदाणे पाखडत होती. मठाची गुरुमाय होण्याआधी चाळीस वर्षं तिनं पंचक्रोशीतली बाळंतपणं केली होती.

"तू जल्मलास तव्हा घरात काय व्हतं रे?"

"दुष्काळ. मी पोटात असताना आई पाला उकडून खायची. पुढं तिचं दूधही आटलं..."

"मंग पयला गुरू तुला तिथंच भेटला."

"कोण?"

"भूक. दिसंल ते खाऊन घे, उद्याचा भरवसा न्हाई, असं तिनं शिकवलं. तुला बोलताबी येत नव्हतं तव्हा. आन् तू ते एकादशीनं पुसाया निघालास!"

अच्युतनं झोळी खांद्यावरून उतरवली. तीस वर्षं तो स्वतःलाच शिव्या घालत आला होता.

"म्हणजे... मी असाच राहणार?"

गिरजामायनं डब्यात सात लाडू भरले. गावात कुणी पोटुशी असली, की मठातला नैवेद्य आधी तिला जायचा, मग देवाला.

"मळ्यातल्या पारूला सातवा लागलाय. आजपासनं रोज नेऊन दे."

"माझ्या हाती देतेस?"

"तुझ्याच."

...

दुपारी तो परतला. मान खाली.

"समदे पोचले?"

"सहा. एक मी वाटेत खाल्ला, माय."

"मंग?"

"दुसऱ्यालाही हात घातला होता... पण पारूच्या पोटातलं लेकरू डोळ्यांपुढं आलं. त्याला तरी असला गुरू भेटायला नको. झाकण लावलं आणि पळत सुटलो. तिनं माझ्यासमोर दोन खाल्ले. पोटावर हात ठेवून हसली."

सांगता सांगता त्याला रडू फुटलं. आणि का कोण जाणे, बरंही वाटलं.

गिरजामायनं रिकामा डबा पदरानं पुसला.

"उद्यापासनं आठ भरीत जाईन."