टिल्लीचा डोसा तव्याला चिकटला

फाटला!
टिल्लीचा डोसा फाटला.
इकडे चिंधी, तिकडे चिंधी. मधला तुकडा तव्यालाच चिकटला. जळून काळा झाला.

टिल्ली म्हणजे एवढीशी उंदरी. बोटाच्या पेराएवढी.
तिचा भाऊ पिटू. तो आणखी एवढासा.
पिटूला ताप होता. कण्यांची कण्हेरी नको, पेज नको, भात नको. तोंडात घासच घेईना.
एकच म्हणायचा, "अण्णांच्या हॉटेलातला डोसा."

पण अण्णांचा डोसा महाग! एका डोशाला मूठभर शेंगदाणे.
आई म्हणाली, "मूठभर दाण्यांत आपलं घर जेवतं गं. डोसा घरीच करू."
तांदूळ भिजवले. उडीद भिजवले. वाटले. पीठ टम्म फुगलं.
आणि डोसा फाटला.
दुसराही फाटला. तिसराही फाटला.
आता भांड्यात पळीभर पीठ उरलं. फक्त पळीभर.

आईच्या मांडीवर पिटू. आई उठणार कशी?
टिल्ली एकटीच तव्यापुढे उभी राहिली.

"तव्या, तव्या, डोसा सोड.
पिटू काही खाईना."

तवा म्हणाला, "नाही सोडणार! अण्णांच्या हॉटेलात माझा मोठा भाऊ आहे. डोशाआधी त्याला अर्धा कांदा घासतात. तेलात बुडवून. आणि मला? मला नुसतंच तापवता! कांदा घासेल, तर मी सोडेन."

पाहिलंत? हॉटेलवाला डोसा विकतो. कांद्याचं कुणाला सांगत नाही. गोष्ट सांगणारा मीही दुकानदारच. आम्ही असेच.

टिल्ली निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.
टोपलीत कांदा बसला होता.

"कांद्या, कांद्या, तवा घास.
तवा डोसा सोडेना.
पिटू काही खाईना."

कांदा म्हणाला, "नाही घासणार! अख्खा कांदा गडगडतो. घासतो तो अर्धा. विळी चिरेल, तर मी घासेन."

टिल्ली रडली. मुसमुस, मुसमुस.
आतून आईची हाक आली, "टिल्ले, झालं का गं?"
"नाही गं आई."

टिल्ली निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.
दारामागे विळी बसली होती.

"विळी, विळी, कांदा चीर.
कांदा तवा घासेना.
तवा डोसा सोडेना.
पिटू काही खाईना."

विळी म्हणाली, "नाही चिरणार! माझी धार गेली. आता काकडीसुद्धा मला हसते. दगड धार लावेल, तर मी चिरेन."

टिल्ली रडली. मुसमुस, मुसमुस.
आतून आईची हाक आली. जरा हळू आली. "टिल्ले, झालं का गं?"
"नाही गं आई."

टिल्ली निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.
अंगणात दगड पडला होता.

"दगडा, दगडा, धार लाव.
विळी कांदा चिरेना.
कांदा तवा घासेना.
तवा डोसा सोडेना.
पिटू काही खाईना."

दगड म्हणाला, "नाही लावणार! मी कोरडा ठणठणीत. कोरड्या दगडावर पातं बिघडतं. पाणी भिजवेल, तर मी धार लावेन."

टिल्ली रडली. मुसमुस, मुसमुस.
आतून आईची हाक आली. अगदी हळू आली. "टिल्ले…"
"नाही गं आई."

टिल्ली निघाली. तुरु तुरु नाही. आता नुसतं तुरु… तुरु…
पाय दमले होते.
रांजणात पाणी होतं. टिल्लीने रांजणाला कान लावला.

"पाण्या, पाण्या, दगड भिजव.
दगड धार लावेना.
विळी कांदा चिरेना.
कांदा तवा घासेना.
तवा डोसा सोडेना.
पिटू काही खाईना."

पाणी आतून म्हणालं, "कसं भिजवू? माझ्यावर झाकण. झाकणावर अण्णा. अण्णा उठतील, तर मी येईन."

टिल्लीने वर पाहिलं.
झाकणावर बेडूकअण्णा! डोशाच्या हॉटेलाचे मालक! रांजणाशेजारीच त्यांचं हॉटेल. झाकण ही त्यांची गादी. मांडी घालून बसले होते. पोट पुढे, डोळे वर.

"अण्णा, अण्णा, जरा उठा.
पाणी दगड भिजवेना.
दगड धार लावेना.
विळी कांदा चिरेना.
कांदा तवा घासेना.
तवा डोसा सोडेना.
पिटू काही खाईना."

"डराँव! डोसा? घरी?" अण्णांचे डोळे आणखी वर गेले. "सगळे घरी डोसे करायला लागले, तर मी इथे काय माशा मारू?"
"तुम्ही माशा मारताच की, अण्णा."
"त्या नाश्त्याला, पोरी! धंदा वेगळा. नाही उठणार. जा!"

टिल्ली खाली बसली.
मुसमुस नाही. आता हुंदकेच. हुप्प, हुप्प.
मागे जावं, तर दगड कोरडा. पुढे जावं, तर अण्णा.
घरात पळीभर पीठ. चुलीत एकच निखारा.
तिने कान दिला. आईची हाक येईल.
हाक आली नाही.
पुन्हा कान दिला.
हाक आलीच नाही.

ऊन रांजणापर्यंत आलं. हॉटेलात कुणी फिरकलं नाही.
अण्णा पुटपुटले, "एवढं ऊन झालं. अजून भवानी नाही!"

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ते पहिलं गिऱ्हाईक कधी रिकामं पाठवायचं नाही. पाठवलं, की दिवस वाया गेला समजा. आमच्या पेठेत एक भांडीवाला होता. शेजाऱ्याशी त्याचं हाडवैर. पण सकाळी तोच शेजारी पहिला आला, तर? हसून बसवायचा. चमचा तरी द्यायचाच. भांडण दुपारी!

टिल्लीने डोळे पुसले.
तिच्या गालात एक शेंगदाणा होता. तिची न्याहारी. तिने तो बाहेर काढला.

"अण्णा, मी गिऱ्हाईक."
"एका दाण्यात डोसा येत नाही."
"डोसा नको. पाणी द्या."
"पाणी मी विकत नाही."
"बरं," टिल्ली म्हणाली. "मग जाते रिकामी. पहिलंच गिऱ्हाईक मी."
तिने पाठ फिरवली. एक पाऊल टाकलं.

"अगं अगं अगं! थांब! थांब, बाई!"

अण्णांनी दाणा घेतला. कपाळाला लावला. डोळे मिटले.
आणि टुण्णकन उडी मारली!

अण्णा उठले. सरर्र! झाकण सरकलं.
पाण्याने दगड भिजवला. चुळुक चुळुक!
दगडाने धार लावली. खर्र खर्र!
विळीने कांदा चिरला. खच्च!
कांदा तेलात बुडाला. कांद्याने तवा घासला. चर्र चर्र!
टिल्लीने निखाऱ्यावर फुंकर मारली. फूऽऽ फूऽऽ!
पळीभर पीठ. शेवटचं.
टिल्लीने तव्यावर ओतलं. गोल गोल फिरवलं.
थांबली. श्वाससुद्धा घेतला नाही.
उलथनं घातलं.

तव्याने डोसा सोडला!
सुळ्ळकन सोडला. गोल. जाळीदार. कडेला तांबूस.

टिल्ली आत धावली. तुरु तुरु, तुरु तुरु!
आई भिंतीला टेकून बसली होती. दमून तिचा डोळा लागला होता. पिटू मांडीवर निपचित.
"पिटू, ए पिटू. डोसा."

पिटूने डोळे उघडले नाहीत.
टिल्लीने डोसा त्याच्या नाकाशी धरला.
नाक हललं. मिशी हलली. मग तोंड उघडलं.

एक घास. आई जागी झाली.
दुसरा घास. आई पुढे वाकली.
तिसरा घास. आई रडायलाच लागली.

"अण्णांचा आहे?" पिटूने विचारलं.
"घरचा आहे."
"असं?" पिटू म्हणाला. आणि अर्धा डोसा फस्त केला.
मग त्याने कुरकुरीत कड मोडली. मोठ्ठी. टिल्लीच्या तोंडात घातली.
"तू काही खाल्लंच नाहीस, ताई."
कुरुम कुरुम! टिल्लीने खाल्ली. डोळे मिटून खाल्ली.

उरलेला डोसा पिटूने संपवला. बोटं चाटली. चुलीपाशी जाऊन पिठाच्या भांड्यात वाकून पाहिलं. भांडं रिकामं.
"ताई, अजून."

आई उठली. पदराने डोळे पुसले.
"टिल्ले," ती म्हणाली, "तांदूळ भिजत घाल."

तवा झाला गार,
पिटूचा ताप झाला गार,
गोष्ट गेली पार.