तुपकरी सरांची शाब्बासकी

“सांगा ना सर, हे मला मिळायला हवं होतं की नव्हतं?”

धर्मराज काटेखायेनं हे दुसऱ्यांदा विचारलं. तुपकरी सर उपड्या बादलीवर बसून गोलची फाटकी जाळी सुतळीनं बांधत होते. सुतळीचं टोक दातांत धरलेलं, त्यामुळे उत्तर द्यायची सोय नव्हती. किंवा सरांनी ती ठेवली नव्हती.

आदल्या दिवशी नागपुरात हँडबॉल संघटनेनं धर्मराजचा सत्कार केला होता. प्रदीर्घ सेवेबद्दल शाल, श्रीफळ आणि भलंमोठं पितळी सन्मानचिन्ह. मान तसा हक्काचाच होता. गावोगावच्या शाळांतल्या मुलींना हँडबॉल शिकवता शिकवता त्याचे केस पांढरे झाले होते. मंचावरच्या एकानं तर त्याला विदर्भातल्या हँडबॉलचा बापच म्हणून टाकलं. टाळ्या पडल्या. धर्मराज मात्र पहिल्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला.

सर आले नव्हते.

म्हणून आज एसटी धरून तो पवनीला आला होता, ज्या मैदानावर चेंडू धरायला शिकला त्या मैदानावर. एवढ्या उन्हात शालही अंगावर तशीच होती आणि सन्मानचिन्ह हातात. हारतुरे काय, कालच कोमेजले. त्याला सरांच्या तोंडून एक शब्द हवा होता. शाळेत असल्यापासून हवा होता.

“जड आहे का रे?” सरांनी तोंडातली सुतळी काढून विचारलं.

“पितळ आहे सर. अस्सल.”

“मग खाली ठेव ना.”

“इथं? मातीत?”

सर जाळीकडे वळले...

धर्मराजनं सन्मानचिन्ह छातीशी आणखी घट्ट धरलं. लग्नात आहेराची पिशवी सांभाळणाऱ्या मामासारखा तो उभा होता.

गाठ पक्की झाली. सर उठले. वय ऐंशीच्या घरातलं, गुडघ्यांनी कुरकुर केली, पण उठले. मैदानात मुलींचा सराव चालला होता. त्यांचा एक चेंडू पायाशी आला, तो सरांनी उचलला आणि धर्मराजकडे टाकला.

चेंडू सन्मानचिन्हावर आपटला, ठण्णकन वाजला आणि घरंगळत दूर गेला.

मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. विदर्भातल्या हँडबॉलच्या बापाच्या हातून सोपा पास सुटला होता.

सर स्वतः चेंडूमागे गेले. आणला. पुन्हा टाकला. या खेपेला धर्मराजनं एक हात पुढे केला. चेंडू तर गेलाच, सन्मानचिन्हही पडता पडता वाचलं.

“सर, माझे हात...”

“दिसतंय मला,” सर म्हणाले आणि चेंडू आणायला पुन्हा चालू लागले.

त्यांची ती लंगडी चाल बघून धर्मराजला स्वतःची लाज वाटली. तो लगबगीनं कडुनिंबाखाली गेला. मुलींच्या पाण्याच्या बाटल्यांच्या रांगेत त्यानं सन्मानचिन्ह ठेवलं, त्यावर शाल टाकली आणि बाह्या वर करत मैदानात आला.

आता चेंडू आला तो थेट हातात बसला. धर्मराजनं परत दिला. पुन्हा आला. थोडा उंच, थोडा डावीकडे, पळायला लावणारा. सरांच्या हाताची ती जुनी खोड अजून गेली नव्हती. तळवे लाल झाले, श्वास फुलला, शर्ट पाठीला चिकटला. कालच्या सगळ्या भाषणांत वाटलं नव्हतं इतकं त्याला बरं वाटलं.

सराव संपला. मुली नळावर पळाल्या. सर थांबले नाहीत.

शाळेतही हे असंच असायचं. बाकीची पोरं पाण्यावर तुटून पडायची आणि सर धर्मराजला एकट्याला मैदानात अडकवून ठेवायचे. एक झाला की आणखी एक, तो झाला की आणखी एक. आपल्यावरच सरांचा असा काय दात आहे, असं तेव्हा त्याला वाटायचं. घरी जाऊन तो आईजवळ कुरकुरायचा.

“पुरे सर,” अखेर तोच म्हणाला. गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. हसू आवरत नव्हतं, पण मनातलं शल्यही आता आत राहीना.

“सर, एक बोलू?”

“बोल ना.”

“काल सगळ्यांनी पाठ थोपटली. नावही माहीत नाही अशा माणसांनी थोपटली. पण ज्यांच्यासाठी मी हे सगळं केलं...” त्यानं मनगटानं कपाळ पुसलं. “तुम्ही मला एकदाही शाब्बास म्हणाला नाहीत, सर. एवढ्या वर्षांत एकदाही नाही.”

सरांनी चेंडू जमिनीवर आपटला. पकडला. पुन्हा आपटला...

मग खरोखरच नवल वाटल्यासारखं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि चेंडू त्याच्याकडे टाकला. धर्मराजनं तो छातीशी झेलला.

“मग एवढी वर्षं मी बॉल कोणाकडे टाकत होतो रे?”