मामानं मांडवात काय आणलं

एका गावात एक भोळा मामा होता. नाव केरबा. भोळा म्हणजे किती, तर सांगितलेलं काम तो सांगितल्याप्रमाणे करी. गावात दुसरं कोणी तसं करत नसल्यामुळे लोक त्याला वेडा म्हणत. स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. थोरली बहीण गोदाक्का विधवा झाली तेव्हा तिच्या मदतीला म्हणून आला, तो तिथलाच झाला. गोदाक्काला एकुलती एक मुलगी, रेश्मा. तिचं लग्न धडपणे पार पडावं, एवढा एकच घोर गोदाक्काच्या जिवाला होता. केरबा मदतीला असल्यामुळे तो घोर दुप्पट झाला होता.

तेव्हा गावात यंत्रांची साथ आली होती. ज्याच्या नळाला पाणी नाही त्याच्या न्हाणीत गीझर. वीज पाहुण्यासारखी येई आणि चहा न घेता जाई, पण फ्रिज मात्र बैठकीच्या खोलीत, देवांच्या शेजारी, डोक्यावर विणलेला रुमाल घेऊन उभा असे. आत काय, तर पाण्याच्या बाटल्या आणि कोथिंबीर. सगळ्यांकडे आहे म्हणून गोदाक्कानं भावाला मोबाइल घेऊन दिला. त्यानं तो पहिल्याच दिवशी म्हशीच्या पाण्याच्या हौदात पाडला.

केरबा बाजारपेठेतल्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "भिजलेलं हलवायचं न्हाई, पुसत बसायचं न्हाई. कोरड्या तांदळात पुरून ठेवायचं." केरबानं तसं केलं. मोबाइल चालू झाला. इथंच घात झाला, कारण उपाय एकदा लागू पडला की केरबा तो विसरत नसे.

पुढच्याच आठवड्यात गोदाक्काची शेळी ओढ्यात घसरली आणि चिंब भिजून घरी आली. केरबानं तिला पुसली नाही. हलवलीही नाही, उचलली तेवढीच. वर्षाचे तांदूळ ठेवलेल्या पत्र्याच्या पिंपात तिला मानेपर्यंत पुरली आणि चालू व्हायची वाट बघत बसला. शेळीनं तक्रार केली नाही. ती खात राहिली. संध्याकाळपर्यंत तिचा ढोल झाला. गुरांच्या डॉक्टरांनी येऊन नळी घातली म्हणून जगली.

गोदाक्कानं कपाळावर हात मारला. तिनं केरबाला समजावलं, की बाबा रे, मुक्या जिवाला आपलं पोट भरलेलं कळत नसतं. आपण बघायचं. पोट भरलं की पुढ्यातलं ओढून घ्यायचं आणि दाव्याला बांधून ठेवायचं. केरबा म्हणाला, "आता चुकायचं न्हाई, अक्का."

मग रेश्माला बघायला पाहुणे आले. मुलाचे वडील तात्यासाहेब फडतरे. हे गृहस्थ 'आम्हाला काही नको' या वाक्यानं बोलायला सुरुवात करत आणि काय काय हवं ते सांगून संपवत. मुलगी पसंत पडली. पंगत बसली. पुरणपोळी, कटाची आमटी, वर तुपाची धार. तिसऱ्या पोळीला तात्यासाहेबांनी डोळे मिटून तृप्तीचा ढेकर दिला. डोळे उघडले तर पुढ्यात ताट नव्हतं. ताट केरबाच्या हातात होतं आणि दुसऱ्या हातानं तो खुंटीवरचं दावं काढत होता.

पुढं काय झालं ते गोदाक्काच जाणे. तिनं हात जोडले, पाय धरले, भाऊ भोळा आहे म्हणून पदर पसरला. तात्यासाहेब बऱ्याच वेळानं निवळले. म्हणाले, आम्हाला काही नको. पण आमचा असा अपमान झालाय, तर मुलीच्या हौसेखातर एक वॉशिंग मशीन द्या. जेवण अर्धवट राहिल्याची भरपाई वॉशिंग मशीननं होते हे गावाला त्या दिवशी कळलं. गोदाक्कानं शेळी विकली, गळ्यातली बोरमाळ विकली आणि मशीन आणली.

केरबाला तिनं वेगळं बसवून सांगितलं. "पाहुण्याच्या पुढ्यातलं ओढत न्हाईत रं. पाहुण्याला आग्रह करायचा असतो. त्यो नगं म्हणतो, पण नगं म्हणजे वाढा. कळलं?" केरबाला कळलं. मशीन ओसरीत आणून ठेवल्यावर ती आणखी एक वाक्य बोलली, आणि ते बोलली नसती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "लग्नापातूर ही आपली पाहुणी. पाहुण्यावाणी संभाळ हिला."

गोदाक्का आणि रेश्मा बस्त्याला गेल्या. घरात केरबा आणि पाहुणी. मशीनच्या दुकानातल्या माणसानं पाण्याची नळी जोडून ठेवलेली होतीच. केरबानं झाकण उघडून आदरानं दोन धोतरं वाढली. पाहुणीनं घेतली. मग चादर वाढली. मग घोंगडं. मशीन पीं पीं करू लागली.

केरबा म्हणाला, "नगं कसं? एवढा एक परकर तरी घ्याच."

मशीन पुन्हा पीं पीं करून नको म्हणाली. केरबानं परकर वाढला, वर साबणाच्या चुऱ्याची अख्खी पिशवी वाढली, सतरंजी दाबून बसवली आणि झाकणावर स्वतः बसला. मशीन घरघरली, थरथरली, अंगणापर्यंत चालत गेली. केरबा वरून उतरला नाही, कारण पाहुण्याला अर्ध्यावर सोडत नाहीत. गोदाक्का परत आली तेव्हा फेस रस्त्यावर आला होता आणि त्यात शेजाऱ्यांची पोरं नाचत होती. गोदाक्का उंबऱ्यातच खाली बसली. मशीन गेली म्हणजे लग्न गेलं, हे तिला कोणी समजावून सांगायला नको होतं. त्या दिवशी ती पोटभर रडली.

दुकानदार भला निघाला. मशीन नेऊन दुरुस्त केली, धुऊनपुसून, वर नवं आवरण चढवून, पुन्हा खोक्यात घालून दिली. फक्त म्हणाला, आता मांडवातच उघडा, आणि नेताना उभी न्या, आडवी करू नका. गोदाक्कानं मात्र भावाचा कान धरला. "केरबा, लग्नात तू सोताचं डोकं चालवायचं न्हाई. येही जे मागतील तेवढंच आणून पुढ्यात ठेवायचं. दुसरं कायबी करायचं न्हाई." व्याह्यांना ती येही म्हणे. केरबानं मान डोलावली.

लग्नाचा दिवस उजाडला. वऱ्हाड आलं. केरबा हात जोडून दारात उभाच होता, काय मागतात ते ऐकायला. नवऱ्या मुलाच्या आईनं विचारलं, मशीन आली का. आत्यानं विचारलं, मशीन कुठल्या रंगाची. काकानं विचारलं, कपडे आतल्या आत वाळतात का. सरबत पिऊन झाल्यावर खुद्द नवऱ्या मुलानं विचारलं, मशीन मोबाइलवरून चालू करता येते का. रेश्मा कशी आहे, जेवली का, तिला रडू येतंय का, हे एकानंही विचारलं नाही. आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसलेली रेश्मा हे सगळं खिडकीतून ऐकत होती.

मुहूर्ताची वेळ झाली. अंतरपाट धरला. गुरुजींनी माइकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं." केरबा खोलीकडे निघाला, तेवढ्यात तात्यासाहेबांनी त्याचा दंड धरला. खालच्या आवाजात पण स्पष्ट शब्दांत ते म्हणाले, "मामा, ते राहू द्या. आधी मशीन आणा. नजरेला पडल्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत."

व्याह्यांनी मागितलं. केरबा वळला. त्यानं बँडवाल्यांपैकी दोन दणकट माणसं घेतली, खोकं काढलं, मशीन उभीच्या उभी उचलली आणि अंतरपाटाच्या अलीकडे पाटावर आणून ठेवली. मामा म्हणून आपण मागं उभा राहिला.

एवढ्या भरल्या मांडवात हे कोणाला दिसलं नाही का? नाही दिसलं. गुरुजी मंगलाष्टकं मोबाइलमध्ये बघून म्हणत होते. अंतरपाट धरणारे दोघं वर फिरणाऱ्या ड्रोनकडे बघत होते. पाहुणे आपापल्या मोबाइलमध्ये स्वतःचा चेहरा बघत होते. नवरा मुलगा फोटोवाल्याकडे बघत होता. गोदाक्काचे डोळे भरले होते, तिला काहीच दिसत नव्हतं. सावधान झालं, अक्षता पडल्या, बँड वाजला, अंतरपाट निघाला. नवरी माळ घालेना. फोटोवाला कॅमेऱ्यात डोकं खुपसून म्हणाला, लाजतायत त्या, आधी तुम्ही घाला. नवऱ्या मुलानं कॅमेऱ्याकडे हसून बघत माळ घातली.

मग बँड थांबला.

तात्यासाहेब माळ घातलेल्या मशीनपाशी आले. "मुलगी कुठाय?" ते गरजले.

"मुलगी?" केरबा गोंधळला. त्यानं सकाळपासूनचं सगळं आठवून पाहिलं. "ती तुमी मागितलीच न्हाई."

मांडवात कोणी हसलं नाही. तात्यासाहेबांनी व्यवस्था, मानपान, खानदान असं बरंच काढलं आणि आता हे लग्न होणार नाही म्हणून जाहीर केलं. गोदाक्का त्यांचे पाय धरायला वाकली. तेवढ्यात रेश्मा बाहेर आली. तिनं आईला उठवलं, कपाळाच्या मुंडावळ्या सोडल्या आणि मशीनच्या झाकणाला बांधल्या.

"लग्न लागलंय, तात्यासाहेब," ती म्हणाली. "मामा, तुझ्या भाचीला नीट सासरी पाठव."

ती खोलीत निघून गेली. गोदाक्काला आधी धक्का बसला, मग, खरं सांगायचं तर, फार हलकं वाटलं. तात्यासाहेब शिव्या देत गाडीत बसले आणि बसता बसता मुलाला म्हणाले, मशीन मागं चढव.

केरबानं त्यांना थांबवलं. भाचीची पाठवणी अशी करत नाहीत एवढं त्याला कळत होतं. त्यानं मशीनचं झाकण उघडलं, खण-नारळानं तिची ओटी भरली, हळदीकुंकू लावलं आणि तिच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडला.