पाय धुवायचे रांजण

डोंगराच्या पायथ्याला खारोळी नावाचे गाव आहे. एका वैशाखात तिथे शिमोनबुवा येऊन उतरले. बुवा म्हणजे ख्रिस्ताचे कीर्तनकार. अंगावर जाडेभरडे धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात चिपळ्या. त्यांचा मुक्काम नेहमी अशाच घरी पडायचा, जिथे जायला बाकीचे पाहुणे लाजायचे. खारोळीत ते रुथाबाईकडे उतरले.

रुथाबाई विधवा. शिंदीच्या पात्यांचे झाडू बांधून विकायची आणि रविवारी पहाटे देऊळ झाडून काढायची. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. झाडून झाले की ती मागच्या भिंतीला टेकून बसायची. पुढे बस असे तिला कधी कोणी म्हटले नाही. तिची एकुलती एक लेक सलोमी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. त्याच दवाखान्यात वडझिरीचा नथानेल औषधे द्यायचा. दोघांची मने जुळली.

दोन्ही घरे ख्रिस्ती. शास्त्र एक, गीतांचे पुस्तक एक, भिंतीवरचा क्रूस एक. तरी लग्न अडले! का? तर बाप्तिस्म्याच्या आधी दोन्ही घरांची जात वेगळी होती. सभ्य माणसे 'जात' म्हणत नाहीत, 'वरची आळी', 'खालची आळी' म्हणतात. मी जातच म्हणणार. आमच्या आज्या-पणज्यांना पाण्यात बुडवून काढले तेव्हा ती मेली असे आम्ही सांगत फिरतो. ती मेली नाही. ती दुसऱ्या काठाने निघाली, अंग पुसले आणि आमच्या आधी येऊन पहिल्या बाकावर बसली.

नथानेलचे वडील जखऱ्या पंच. मंडळीत त्यांचा शब्द चाले. मुलगा हटून बसला म्हणून ते शेवटी तयार झाले, पण अट घातली.

त्या भागात रीत अशी आहे. वऱ्हाड मांडवाच्या दाराशी आले की तिथल्या रांजणांतल्या पाण्याने पाय धुवायचे. मग वधूच्या आईने वराच्या बापाला आपल्या हाताने तांब्याभर पाणी द्यायचे. तो ते प्याला की सोयरीक झाली. तोपर्यंत लग्न लावणारे पाळकसाहेब पुस्तकसुद्धा उघडत नाहीत.

पंच म्हणाले, "रुथाबाई, हात तुमचा चालेल. पाणी आमचं असेल. आमच्या विहिरीचं पिंप भरून आणू."

"का वो पंच?"

"तुमची विहीर मचूळ. आमच्या लोकांची पोटं बिघडतात."

विहीर मचूळ होती हे खरेच. पण बिघडत काय होते, ते दोघांनाही ठाऊक होते. रुथाबाईने मान खाली घातली आणि 'बरं' म्हणाली. लेकीची आई दुसरे काय म्हणणार!

लग्नाच्या दिवशी टेम्पोतून वऱ्हाड आले, मागे पिंप आले. रुथाबाईने सकाळपासून खेपा घालून दाराशी रांजण भरून ठेवले होते. वऱ्हाडाने त्या पाण्याने पाय धुतले. पायाला ते चालले! प्यायला मात्र सगळे पिंपाकडे गेले. तिच्या झावळ्यांच्या मांडवात, तिच्या सतरंजीवर बसून माणसे आपापले पाणी पीत होती, आणि ती रिकामा तांब्या घेऊन दारात उभी होती. घरी आलेल्या पाहुण्याने आपल्या पाण्याकडे पाठ फिरवावी, याहून मोठी लाज बाईमाणसाला नाही.

आत लोडाला टेकलेल्या पंचांची नजर बुवांवर गेली.

"काय बुवा, मुक्काम इथंच का? बरी जागा धुंडलीत!"

"जागा मीच मागून घेतली, पंच," बुवा म्हणाले.

"मग आज होऊन जाऊ द्या काहीतरी! काना गावच्या लग्नात प्रभूंनी पाण्याचा द्राक्षारस केला म्हणता. तुम्ही या मचूळ पाण्याचं नुसतं गोड पाणी करून दाखवा. द्राक्षारस आम्ही माफ केला!"

वऱ्हाड खो खो हसले. बुवाही हसले. कनातीमागे सलोमी हळद लागलेल्या अंगाने बसली होती. तिने डोळे मिटून घेतले.

उन्हाचा कहर होता. वऱ्हाडाने पिंपाचे पाणी नुसते प्यायले नाही, तोंडावर मारले, टोप्या भिजवल्या. पाळकसाहेब आले तेव्हा पंचांनी सदरा नीट केला आणि हाक दिली, "चला, रीत उरकून घेऊ. आणा पाणी."

रुथाबाई पिंपाशी गेली. टेम्पोवाला फिलीप पिंप तिरपे करून आत बघत होता. तो हळूच म्हणाला, "मावशी, खडखडाट आहे."

वडझिरी चार कोस लांब. आणि पंच आधीच बजावून बसले होते की आपल्या पाण्यावाचून रीत होणार नाही, रीत झाली नाही तर वऱ्हाड परत जाईल. हळद लागलेली पोर मांडवात टाकून! ती मांडवाच्या मागे गेली. तिथे बुवा उभे होते.

"बुवा, त्यांचं पाणी सरलं."

बुवा म्हणाले, "मुली, दाराचे रांजण भर."

"त्ये पाय धुवायचं हायेत! आन पाणी मचूळ."

"भर तर खरी. काठोकाठ."

असे म्हणून बुवांनी स्वतःच कळशी उचलली. ते पाहून सलोमीही उठली. नवरीच्या हाताची हळद दोराला लागत होती. तिघांनी मिळून विहिरीचे पाणी ओढले. जिथे मघाशी पन्नास माणसांच्या पायांची धूळ उतरली होती, तिथले रांजण काठापर्यंत भरले.

"आता तांब्या बुडव आणि पंचांना नेऊन दे."

"ही फसवणूक हुईल, बुवा."

"त्यांनी विचारलं तर खरं ते सांग. विचारतात का बघ."

रुथाबाई गेली. तिने तांब्या पुढे केला. पंचांनी काहीही विचारले नाही. त्यांना ते आपलेच वाटले. ते एक घोट प्याले, थांबले, मग घटाघटा सगळे प्याले आणि मिशा पुसत मोठ्याने म्हणाले,

"वा! बघा मंडळी, याला म्हणतात पाणी! खडीसाखर विरघळल्यासारखं. वाटेत उन्हात तापलं, तरी आमच्या विहिरीचा गुण गेला नाही. फिलीप, सगळ्यांना दे रे!"

फिलीप जागचा हलेना. "पंच, आपलं पिंप मघाच संपलंय."

"मग हे कुठलं?"

रुथाबाई पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "आमच्या हिरीचं हाय. दाराच्या रांजणातलं. चुकलं माझं, पंच. माफ करा."

माफी कोणी मागितली बघा! मला ही कथा सांगताना इथे दर वेळी थांबावे लागते.

पंचांच्या हातातला तांब्या गळून पडला. चेहरा काळाठिक्कर झाला. ते ओरडले, "बाटवलंत! मला बाटवलंत तुम्ही!"

बुवा शांतपणे पंचांसमोर येऊन बसले.

बुवा म्हणाले, "पंच, आपल्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने त्यांना काय नाव ठेवलं होतं?"

मांडवातल्या एकेका म्हाताऱ्याला ते ठाऊक होते. 'बाटगे'. पंचांच्या तोंडून आत्ता निघाला तोच शब्द. ह्याच शब्दाने त्यांच्या बापांना पाणवठ्यावरून हाकलले होते. माना आपोआप खाली गेल्या.

"मघाशी आपण काना गावच्या लग्नाचं नाव काढलंत," बुवा पुढे म्हणाले. "आपण सगळे त्यातल्या द्राक्षारसाची गोडी सांगतो, रांजणांचं कोणी सांगत नाही. द्राक्षारस संपला होता, तेव्हा त्याचे बुधले रिकामेच पडले असतील. प्रभूंनी ते घेतले नाहीत, दगडी रांजण घेतले. ते कशाचे होते? हातपाय धुऊन शुद्ध व्हायचे. विटाळ काढायचे. ते काठोकाठ भरायला लावले आणि सगळ्याचा द्राक्षारस केला. मग सांगा पंच, त्या घरात विटाळ धुवायला पाणी किती उरलं?"

पंचांचे ओठ हलले. "थेंबभरही नाही."

"विटाळाची सोयच प्रभूंनी मोडून टाकली. आता धुवायचं काही नाही, एका पंगतीला बसून प्यायचं. प्रभूंचा पहिला चमत्कार हा! आंधळ्यासाठी नाही, मेलेल्यासाठी नाही. एका लग्नघराची अब्रू जात होती, तिच्यासाठी. आणि द्राक्षारस कुठून आला हे मेजवानीच्या कारभाऱ्याला कळलं नाही, पाणी ओढणाऱ्या गड्यांना कळलं. आपण काय केलं, पंच? द्राक्षारस ओतून टाकला आणि त्या रांजणांत पुन्हा पाणी भरून ठेवलं."

पाळकसाहेब हातातल्या पुस्तकाकडे बघत राहिले. याच पुस्तकातून ते दर लग्नात कानाची गोष्ट वाचून दाखवत.

पंच उठले. ते टेम्पोकडे निघाले असे वाटून नथानेल वाट अडवायला पुढे झाला. पंच टेम्पोकडे गेले नाहीत. पडलेला तांब्या उचलून ते मांडवाच्या मागे विहिरीवर गेले, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, स्वतः पाणी ओढले आणि तांब्या भरून परत आले. तो त्यांनी रुथाबाईच्या हातात दिला.

"विहीणबाई," पंच म्हणाले. हा शब्द त्यांनी तिला पहिल्यांदाच लावला. "मघाचं पाणी मी आमचं समजून प्यालो. ते धरू नका. हे तुमचं आहे, माहीत असून मागतोय. आता द्या."

तिने दिले. पंचांनी तोंडाला लावले, आणि त्यांचा चेहरा आवळला. पाणी मचूळ होते. मघाची गोडी औषधालाही उरली नव्हती. सगळ्यांनी ते पाहिले. पंच थांबले नाहीत. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, शेवटच्या घोटापर्यंत प्याले.

मग ते बुवांच्या पायांशी वाकू लागले. बुवांनी पाय मागे घेतले आणि नुसती मान वळवून रुथाबाईकडे पाहिले.

"नगा, नगा पंच! तुमी मोठी मानसं!" असे म्हणत ती लाजेने चूर होऊन मागे सरली, पण मागे मांडवाचा खांब होता. तिच्या उघड्या पायांना विहिरीचा चिखल लागला होता. जखऱ्या पंचांनी त्या चिखलावर कपाळ टेकले. पाळकसाहेब 'उठा' म्हणाले, मुलगा 'उठा' म्हणाला. पंचांना कितीतरी वेळ तोंड वर करवेना.