गुलछडी बसली की काय करायचं?

भोकरदरा नावाच्या गावात एक भोळा गडी होता. नाव लिंबाजी. बायको म्हणाली, "जरा दाराकडं लक्ष ठेवा," तर हा दिवसभर दाराकडं बघत बसायचा. मांजर खिडकीतून येऊन दूध पिऊन जायचं. विचारलं तर म्हणायचा, "दारातनं कोणी आलं नाही."

बायकोचं नाव केराबाई. ती एकदा वैतागली आणि तिनं त्याला कामाला लावलं. शहरातून आलेल्या कानिटकर डॉक्टरीणबाईंनी गावाबाहेर एक केंद्र काढलं होतं. तिथं माणसानं फडक्यात चार श्वास सोडायचे. ते फडकं बरणीत घालून वर नंबर टाकायचा. मग गुलछडी नावाची शिकवलेली कुत्री एकेक बरणी हुंगत जायची. फडक्याला कॅन्सरचा वास आला, की त्या बरणीपुढं गप बसायची. बरणी ज्याची, त्याला बाई शहरात पक्क्या तपासणीला पाठवायच्या.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "लिंबाजी, गुलछडी बसली की बिस्कीट द्यायचं आणि 'शाब्बास' म्हणायचं. समजलं?"

"समजलं."

दुपारी गुलछडी झाडाखाली बसली. बिस्कीट. शाब्बास. मग पायरीवर बसली. बिस्कीट. शाब्बास. कुत्री काही भोळी नव्हती. ती उठायची, बसायची, उठायची, बसायची. संध्याकाळी डबा रिकामा आणि कुत्रीचं पोट बिघडलेलं.

"अरे, कुठंही बसली तर नाही!" बाई ओरडल्या. "बरणीपुढं बसली तरच! आणि मग लगेच शहरातल्या दवाखान्यात पाठवायचं. समजलं?"

"समजलं."

दुसऱ्या दिवशी लिंबाजी गुलछडीला घेऊन घरी जेवायला गेला. गुलछडी दमली होती. ती बसली, ती नेमकी केराबाईच्या लोणच्याच्या बरणीपुढं. लिंबाजीनं बिस्कीट दिलं, शाब्बास म्हटलं आणि बरणी उचलून एसटी गाठली.

कंडक्टर म्हणाला, "सोबत कोण आहे?"

"ही बरणी. तोंड बांधलंय, तिचा त्रास व्हायचा नाही."

उंची कमी म्हणून त्यानं बरणीचं अर्धं तिकीट काढलं आणि तिला खिडकीशी बसवलं.

संध्याकाळी दवाखान्यातून बाईंना फोन आला. "तुमच्याकडून कैरीचं लोणचं पोचलं. पेशंट कुठाय?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "लिंबाजी, आजार बरणीत नसतो रे. माणसात असतो!"

"मग तसं आधी सांगायचं ना, बाई."

दुसऱ्या दिवशी बाई येऊन बघतात, तर फळीवर एकही बरणी नाही. तिथं पाच माणसं ओळीनं बसलेली, कपाळावर नंबर चिकटवलेले. तीन नंबरला खुद्द सरपंच.

"सरपंच, तुम्ही इथं?"

सरपंच गप्प.

"मीच बोलू नका म्हटलंय," लिंबाजी म्हणाला. "बरणी कुठं बोलते?"

गुलछडीनं सरपंचांचे पाय हुंगले आणि ती शिंकली. सरपंच पांढरेफटक पडले. "शिंकली म्हणजे काय हो, बाई?" दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही.

बाईंनी लिंबाजीला बाजूला घेतलं. "माणसांना असं घाबरवू नये. गुलछडी बसली, की त्या घरात रडारड होते. नाही बसली, की माणूस हसत घरी जातो. एवढं ध्यानात ठेव."

लिंबाजीनं ध्यानात ठेवलं.

पुढच्या सोमवारी गावातल्या चाळीस बायकांच्या बरण्या मांडल्या होत्या. सतरावी केराबाईची. "मला काय धाड भरलीय?" म्हणत का होईना, तिनं फडक्यात श्वास सोडले होते. बाई तालुक्याला गेल्या होत्या.

गुलछडी हुंगत हुंगत सतराव्या बरणीपाशी आली. थांबली. मागचे पाय वाकवायला लागली.

लिंबाजीनं झडप घालून कुत्रीला वरच्या वर उचललं. खाली ठेवली, की ती बसायला बघायची. तो पुन्हा उचलायचा. शेवटी त्यानं तिला उराशीच धरून ठेवलं. हात भरून आले. घाम डोळ्यांत उतरला. पण त्यानं सोडली नाही.

चार वाजता बाई आल्या. "लिंबाजी, हे काय?"

"हिला बसू देत नाही, बाई. बसली की रडारड होते."

"खाली ठेव तिला."

"नाही. सतरा नंबर केरा आहे."

बाईंना हसू येत होतं, ते तिथंच विरलं. त्या जवळ आल्या. "अरे वेड्या, ती आजार आणत नाही. असला तर सांगते. तिला सांगू दे."

लिंबाजीनं डोळे मिटून गुलछडीला खाली ठेवलं. ती बसली. त्या दिवशी बिस्कीट बाईंनी दिलं. लिंबाजीच्या तोंडून 'शाब्बास' निघालं नाही.

केराबाईला शहरात नेलं. छातीत हरभऱ्याएवढी गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टर लिंबाजीला म्हणाले, "अगदी वेळेत कळलं, म्हणून निभावलं. कुत्री बसली, हे तुमचं नशीब!"

लिंबाजी विचारात पडला. बसणं म्हणजे नशीब. मग ते एकट्या केराच्याच वाट्याला का? ती दवाखान्यात असताना अख्ख्या गावानं त्याला जेवू घातलं होतं. गावाचं भलं करायलाच हवं.

केराबाईचे टाके काढायचे होते, त्या दिवशी बाई तिच्यासोबत दवाखान्यात होत्या. अकराच्या सुमारास फाटकात एसटी येऊन थांबली. मागोमाग दुसरी. तिच्यामागं तिसरी. सगळं भोकरदरा गाव खाली उतरलं. बाया, बाप्ये, रडणारी पोरं, आणि दोघांच्या खांद्यावर हात टाकून लटपटणारे सरपंच. सगळ्यांत शेवटी गुलछडीला घेऊन लिंबाजी उतरला. चेहरा नुसता फुललेला.

"अहो, हे काय केलंत?" केराबाई किंचाळली.

बाई पुढं आल्या. "लिंबाजी... गुलछडी एवढ्या सगळ्यांपुढं बसली?"

"ती कुठली बसतेय, बाई! दीडशे बरण्यांपुढं एकेकदा धरून बसवली मी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सरपंचांपुढं दोनदा बसवली. मोठा माणूस आहे."