शेंदूर आणि शिव्या

रानं गावांपेक्षा मोठी होती आणि राजे स्वतः पायी हिंडून प्रजा पाहत, त्या काळची ही गोष्ट.

डोंगरावरच्या एका पाड्यात येसू नावाची शेळ्या राखणारी बाई होती. पाड्याच्या वेशीवर वाघदेवाचा दगड होता. येसू रोज त्याला हात जोडी, सणावारी शेंदूर लावी. आणि वाघाने शेळी नेली की त्याच दगडापुढे उभी राहून ओरडे, "मुडद्या, माझी गाभण शेळी खाल्लीस! तुझ्या दाढा झडोत!" शिव्या संपल्या की पुन्हा नमस्कार करून घरी जाई. पाड्यात याचं कुणाला नवल नव्हतं, सगळेच तसे वागत.

नवल वाटलं ते हिंडत तिथे आलेल्या राजाला. राजा हुशार होता, आणि हुशार माणसांना दुसऱ्याच्या मनातला पसारा आवरून द्यायची भारी हौस! त्याने पाडा गोळा केला आणि येसूच्या हाती घण दिला.

"बाई, वाघ वैरी असेल तर हा दगड फोड. देव असेल तर उरलेल्या शेळ्या त्याला सोडून दे. दोन मनांची माणसं मला राज्यात नकोत. ठरव, नाहीतर डोंगर सोड."

येसूने हातातल्या घणाकडे पाहिलं. शेळ्या गेल्या तर खायचं काय? दगड फोडला तर रानात जायचं कुणाच्या भरवशावर? पाडा खाली मान घालून उभा होता. ते पाहून मात्र तिला रागच आला. तिने घण राजाच्या पायाशी ठेवला.

"न्हाई ठरवत, महाराज. त्याच्या धाकानं रानडुकरं शेतात येत न्हाईत, म्हणून हात जोडते. शेळी नेतो, म्हणून शिव्या देते. दोन्ही खरं हाय."

"खरं एकच असतं!" राजा गरजला.

"मग तुमचंच घ्या. तुम्ही दरोडेखोर हाकलले, म्हणून आम्ही पोरांना तुमचं नाव ठेवतो. तुमची माणसं आमच्या गड्यांना वेठीला धरून नेतात, तवा तुमच्या नावानं बोटं मोडतो. एकच ठेव म्हणता, तर कंचं ठेवू?"

शिपायांचे हात तलवारींकडे गेले. येसू जागची हलली नाही. पाड्यातल्या माना एकेक करून वर झाल्या आणि सगळे राजाच्या तोंडाकडे बघू लागले. त्या नजरांत राजाला उत्तर दिसलं.

तो हळूच म्हणाला, "दोन्ही ठेव, बाई."

तात्पर्य: मनात दोन गोष्टी एकत्र नांदतात म्हणून माणूस खोटा ठरत नाही; एकच ठेवायला लावणाऱ्याने आधी विचार करावा, उरेल ती कोणती.