उपाशी परीक्षक आणि बुरुडाची चिमा

कुसुंबगडच्या गंगाजीराव महाराजांनी नव्या कलावंतांसाठी ‘कलाश्रय’ काढला आणि राज्यातल्या कलावंतांचे हाल सुरू झाले. तोवर ते बिचारे नुसते उपाशी होते. आता उपाशी राहून वर परीक्षकांपुढे उभंही राहावं लागे.

अट एकच होती. आजवर कुणी पाहिलं नाही असं काही करून दाखवायचं. पसंत पडलं तर वर्षभराचं धान्य, काम करायला जागा आणि वर थोरामोठ्यांचं मार्गदर्शन! पसंती द्यायला तीन परीक्षक नेमले होते: चित्रकार रंभाजीबुवा, गवई केदारबुवा आणि मूर्तिकार हैबतबुवा. भरल्या पोटी माणसाला काहीही आवडतं, असं महाराजांचं ठाम मत. म्हणून निवड संपेपर्यंत परीक्षकांनी पाण्याच्या घोटावर राहायचं, असा त्यांचा हुकूम होता. तिघांनी हे व्रत इतक्या निष्ठेनं पाळलं की थोड्याच दिवसांत त्यांचे अंगरखे उसवून सैल करावे लागले. “उपासानं अंगावर सूज येते,” असं केदारबुवांनी महाराजांना समजावलं आणि महाराजांना ते पटलं. राजेलोकांना अशा गोष्टी लवकर पटतात.

निवड मात्र कुणाचीच होईना. कुणी काहीही आणो, रंभाजीबुवा डोळे मिटून म्हणत, “हे आम्ही पूर्वी पाहिलंय.” उरलेले दोघे मान डोलावत. नाही पाहिलं म्हटलं तर आपलं अज्ञान उघडं पडायचं, ही धास्ती! एकानं तांब्याच्या तारा ताणून वाऱ्याकडून गाणं म्हणवलं. पाहिलंय. एकीनं ओल्या भिंतीवर शेवाळाचं चित्र रुजवलं. तेही पाहिलंय. मार्गदर्शन मात्र सढळ हातानं मिळे. तारवाल्याला त्यांनी चित्रं काढायला सांगितलं आणि शेवाळवालीला लग्न करायला.

बुरुडाची लेक चिमा बांबूच्या कांबट्यांची जनावरं विणायची. वारा आला की ती मान हलवत, शेपूट उडवत. तिलाही तेच उत्तर मिळालं. पण चिमा खाली मान घालून घरी जाणारी नव्हती. ती तडक दरबारात गेली.

“सरकार, ह्या तिघांचं जगातलं समदं बघून झालंय. मग कलाश्रय कुणासाठी उघडा ठेवलाय? कुलूप लावा की त्याला.”

महाराज चिडले. चूक दाखवलेली त्यांना चालत असे, फक्त ती दुसऱ्याची असायला हवी.

“पोरी, माझे परीक्षक उपाशीपोटी राबतायत, आणि तू त्यांना नावं ठेवतेस? मग त्यांच्याच तोंडून ‘हे आम्ही कधी पाहिलं नाही’ असं वदवून दाखव. आठ दिवस देतो. जमलं तर कलाश्रय तुझा. नाही जमलं तर जन्मभर राजवाड्यासाठी फुकट टोपल्या विणायच्या आणि ती हलणारी जनावरं पुन्हा करायची नाहीत.”

टोपल्यांचं चिमाला काही नव्हतं. पण जनावरं करायची नाहीत म्हणजे हात असून नसल्यासारखेच. घरी येऊन ती पोटभर रडली. मग तोंड धुतलं आणि विचार करू लागली. निवडीच्या दिवशी रांगेत उभी असताना तिला परीक्षकांच्या दिवाणखान्याच्या मागच्या अंगानं साजूक तुपाचा वास आला होता. उपासाला इतका खमंग वास नसतो, एवढं तिला कळत होतं. ती उठली आणि त्या मागच्या दाराशी जाऊन पाहून आली. परतताना तिच्या डोक्यावरची पाटी भरलेली होती.

आठव्या दिवशी तिनं दरबारात पडदा ओढला. बांबूच्या सांगाड्यावर तीन धिप्पाड माणसं बसली होती. अंगाला तुपानं माखलेल्या पत्रावळींची कातडी, बासुंदीच्या द्रोणांची पोटं, मटणाच्या हाडांचे दात आणि गळ्यात पिस्त्याच्या टरफलांच्या माळा. वारा आला की पोटं डुलत होती. माश्यांची भक्तमंडळीही सोबत आली होती.

रंभाजीबुवांनी सवयीनं डोळे मिटले. “हे तर आम्ही पूर्वी...”

“थांबा बुवा,” चिमा म्हणाली. “ह्यातलं समदं सामान एकाच दारामागच्या उकिरड्यावरचं हाय. ज्यानं हे आधी बघितलंय, त्याला ते दार ठावं असणार. आता बोला, कुठं बघितलंत?”

रंभाजीबुवांनी डोळे उघडले. समोरच्या पत्रावळीवर परवाच्या जिलबीचा पाक चमकत होता.

“पाहिलं? छे छे, आम्ही हे कधीच पाहिलं नाही!”

“जन्मात नाही,” केदारबुवा म्हणाले.

“स्वप्नातसुद्धा नाही,” असं म्हणत हैबतबुवांनी घाईनं मिशा पुसल्या.

महाराज उठून मूर्तींजवळ गेले. एकदा वास घेतला, पुन्हा घेतला. “पोरी, ते दार कुणाचं?”

“सांगितलं असतं सरकार. पर ह्या मोठ्या माणसांनी कधी बघितलंच न्हाई म्हणं. त्यांना खोटं पाडणारी मी कोण? तुम्ही नुसतं माझ्या मूर्तींच्या पोटाकडं बघा, अन् मग ह्यांच्या.”

महाराजांनी पाहिलं. त्यांना कळायला वेळ लागे, पण कळलं की पुरतं कळे. आधी मिशीतल्या मिशीत, मग मोठ्यानं ते हसू लागले. महाराज हसतायत म्हटल्यावर दरबारालाही गंमत कळली.

“कलाश्रय तुझा!” महाराज म्हणाले. “धान्य, जागा, मार्गदर्शन, सगळं.”

“मार्गदर्शन सोडून समदं द्या सरकार.”

“बरं. आणि या तिघांना आजच हाकलून देतो.”

“नगं, नगं. ठेवा त्यांस्नी,” चिमा घाईघाईनं म्हणाली. “ही मंडळी गेली तर मला सामान कुठनं मिळायचं?”

महाराजांना हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी हुकूम सोडला की परीक्षकांनी खुशाल पोटभर जेवावं, मात्र स्वतःच्या खर्चानं. आणि जेवण झालं की उष्ट्या पत्रावळी तिघांनी स्वतः डोक्यावर घेऊन, भर बाजारातून, चिमाच्या दारी पोचवाव्यात.